नागूबाईची साक्ष

गंजगोलाईत इंदू त्या दिवशी आली होती ती बादली घ्यायला. लातूरला नळाला चौथ्या दिवशी पाणी येत होतं, आणि घरातली जुनी बादली नेमकी पाण्याच्या दिवशी बुडाशी चिरली होती. नवी बादली कडीला धरून ती बांगड्यांच्या दुकानांकडून निघाली, आणि गर्दीतून एक हसणं तिच्या कानावर आलं. आधी घशातच अडल्यासारखं वाटणारं, मग एकदम सुटून वर जाणारं. मान वळवायची गरज नव्हती. हे हसणं तिनं सहा वर्षं रोज ऐकलं होतं आणि गेली तीन वर्षं ऐकलं नव्हतं. तरी तिनं मान वळवली. जैनब एका दुकानाच्या फळीपुढं उकिडवी बसली होती. तिच्या शेजारी नागूबाई होती, आणि नागूबाईचा हात जैनबच्या मांडीवर होता. बांगडीवाल्याला बाजूला सारून जैनब स्वतःच त्या हातात हिरवी बांगडी चढवू बघत होती. अंगठ्याचं मूळ आत दुमडून, बोटं आवळून धरून. "हात ढिल्ला छोड गे, नागूबाई," ती म्हणाली, "पत्थर है क्या?" आणि नागूबाई म्हणाली, "दगुडच हाय माय. खुरप्यानं केलाय." त्यावर जैनब पुन्हा हसली. इंदू पितळी भांड्यांच्या एका उतरंडीमागं सरकली. पुढं पुष्कळ दिवस तिला या गोष्टीची लाज वाटत राहिली, की त्या क्षणी तिला जैनबचा नवरा खलील आठवला नाही, गिरणी आठवली नाही, स्वतःचं काय चुकलं तेही आठवलं नाही. पहिल्यांदा मनात आलं ते एवढंच: हिला का? माझ्या हाताला अशी बांगडी भरायची ती हिला का भरतेय?

ती घरी आली. बादली न्हाणीत ठेवली, पातळाचा पदर खोचला, आणि मग स्वयंपाकघरात नुसतीच उभी राहिली. हेवा हा शब्द तिला आधी सुचलाच नाही. शाळेत दुसऱ्या एखाद्या बाईंना वर्ग चांगला मिळाला की वाटायचा तो हेवा. किंवा जावेला मोठं घर मिळालं तेव्हा वाटला होता तो. हे तसं नव्हतं. हे दाताच्या मुळाशी ठसठसावं तसं होतं. जीभ पुन्हा पुन्हा तिथंच जात होती. हिरवी बांगडी, ते रापलेलं मनगट, आणि जैनबचं झुकलेलं डोकं. जैनबच्या स्वतःच्या हातात काहीच नव्हतं. तेही तिनं पाहिलं होतं, पण त्याचं दुःख व्हायला संध्याकाळ व्हावी लागली.

इंदू आणि जैनबची ओळख झाली ते खैरगाव तसं लहान, अहमदपूरहून तासाभराच्या वाटेवरचं बाजाराचं गाव. इंदूचा नवरा उद्धव, त्याची तिथल्या तलाठ्याच्या सज्जात कारकुनी, आणि इंदूला किशनरावांच्या संस्थेच्या शाळेत नोकरी. भाड्याची जागा मिळाली ती खलीलच्या पिठाच्या गिरणीवर, माडीवर. पहिले पंधरा दिवस इंदूला वाटलं की आपल्याला इथं राहणं होणार नाही. सकाळी आठला पट्टा सुरू झाला की पायाखालची फरशी थरथरायची, देवघरातली घंटी आपोआप किणकिणायची, आणि दुधावर सायीऐवजी पिठाचा पापुद्रा धरायचा. मग एक दिवस खालून जैनब आली. कडेवर वर्षाची नसीम, हातात झाकलेली ताटली. "मेरे आदमी का आटा तुमारे दूध में गया बोले," ती म्हणाली, "तो दूध मेरा लेव." अशी सुरुवात झाली. पुढं मागचा लाकडी जिना त्या दोघींचाच झाला. दुपारी शाळा सुटली की इंदू खाली जायची, नाहीतर जैनब वर यायची. जैनबला वाचता येत नव्हतं. इंदू तिला वर्तमानपत्रातल्या खुनाच्या बातम्या वाचून दाखवायची, आणि जैनब मारेकऱ्यांना खास दखनीत शिव्या द्यायची. इंदूला मूल नव्हतं. ते जैनबनं सहा वर्षांत एकदाही विचारलं नाही. नसीमला मात्र तिनं न विचारता इंदूच्या ओटीत टाकलं. पोरगी माडीवरच जेवायची, माडीवरच पाटी गिरवायची. आपल्या आयुष्यात असं माणूस एकच असतं, असं इंदू मनाशी धरून चालली होती. माहेरच्या मैत्रिणी लग्नात विरल्या. उद्धव चांगला होता, पण तो बोलायचा ते बदल्यांचं. जैनब मात्र तिची होती, आणि 'माझी' या शब्दाला एक टोक असतं ते तेव्हा तिला कुठं ठाऊक होतं!

आणि नागूबाई? नागूबाई त्या सगळ्यात कुठंच नव्हती. खैरगावच्या भीमनगरातली, पन्नाशीला टेकलेली बाई. तिचा नवरा केरबा दम्यानं घरी बसलेला, ती निंदणी-खुरपणीला जायची. आठवड्यातून एकदा डोक्यावर डबा घेऊन दळायला यायची आणि गिरणीसमोरच्या लिंबाखाली आपला नंबर येईस्तोवर बसून राहायची. इंदूनं तिला माडीवरून शंभरदा पाहिलं असेल आणि एकदाही नीट पाहिलं नसेल. जैनबही तिच्याशी दळणापुरतंच बोलायची. आज त्याच बाईचा हात जैनबच्या मांडीवर होता. कशाच्या जोरावर? तिनं एक साक्ष दिली म्हणून. इंदूनं तर जैनबला जिवंत ठेवलं होतं.

ते खरंच होतं. इंदू ते स्वतःला रोज सांगायची. तीन वर्षांपूर्वी पाऊस सलग दुसऱ्या साली फिरकला नव्हता. गावात पाणी येणारा एकच हातपंप उरला होता, तो मशिदीच्या गल्लीत. तिथं घागरींच्या रांगेवरून सकाळी बाचाबाची झाली आणि हिसकाहिसकीत वाण्याच्या एका पोराच्या कपाळाला घागर लागली. चार टाके पडले. दुपारपर्यंत ते पोर मेल्याची हाकाटी गावभर झाली होती, आणि पोर बापाजवळ बसून भजी खात होतं. बाजाराचा दिवस. तीनला दुकानांच्या फळ्या धडाधड लागल्या. खलीलनं मागच्या जिन्यानं जैनबला आणि नसीमला वर पाठवलं आणि स्वतः इंजिन बंद करायला खाली राहिला. चालतं इंजिन सोडून त्याला जाता येईना. उद्धव तालुक्याला गेला होता. इंदूनं त्या दोघींना स्वयंपाकघरात, ज्वारीच्या कणगीमागं बसवलं. नसीम रडायला लागली तेव्हा तिच्या तोंडात गुळाचा खडा दिला. जैनब उठू लागली तेव्हा तिच्या खांद्यांवर सगळा भार टाकून तिला खाली दाबलं, तिच्या तोंडावर हात धरला. तळहाताला तिचे दात लागले. मग रस्त्यावरचा आवाज अगदी खाली आला, आणि इंदू त्यांना तिथंच बसायची खूण करून पुढच्या खोलीत गेली, खिडकीच्या फटीशी.

तिथं तिनं जे पाहिलं आणि ऐकलं, ते तिनं पोलिसांना सांगितलं नाही. पंधरा दिवसांनी जमादार जबाब घ्यायला आला तेव्हा खुर्चीवर उद्धव बसला होता, आणि इंदू म्हणाली, "धूर फार होता. मला काही दिसलं नाही." जमादारानं ते लिहून घेतलं. खरं तर धूर नंतर झाला होता, गिरणी पेटवल्यावर; आणि आगही मागच्या जिन्यापर्यंत येऊन विझली होती. पण हे खोटं तिच्याशिवाय कुणाला ठाऊक असणार? एकटी जैनब सोडून. माहेरी, नांदेडला निघायच्या आदल्या दिवशी जैनब त्या जळक्या जिन्यानं वर आली होती. बसली नाही. "तू खिडकी में थी ना, इंदू?" तिनं विचारलं. "तू देखी ना?" आणि इंदूनं जमादाराला सांगितलं तेच तिला सांगितलं.  जैनब नसीमचं बोट धरून उतरून गेली. त्यानंतर सहा महिन्यांत नवा जिल्हा झाला, नव्या कलेक्टर कचेरीला माणसं हवी होती, आणि उद्धवची बदली लातूरला झाली. इंदूलाही संस्थेच्या लातूरच्या शाळेत घेतलं. दोन्हींच्या मागं किशनरावांचा शब्द होता. कुणी काही मागितलं नव्हतं आणि कुणी काही दिलं असंही म्हणाला नव्हता. उद्धव एवढंच म्हणाला होता, "माणूस आपल्याला विसरला नाही बघ."

बांगड्यांच्या दुकानापुढच्या त्या दुपारनंतर इंदू सावध झाली. त्या दोघी लातुरात कशाला आल्या असतील हे कळायला फार डोकं लागत नव्हतं. खलीलच्या खुनाचा खटला उभा राहिला होता. किशनराव आणि आणखी अकरा. उन्हाळ्यामुळं शाळा सकाळची होती. दुपारी उद्धव कचेरीत. इंदू डोक्यावरून पदर घेऊन कोर्टाच्या आवारात गेली, आणि मग पुढच्या तारखेला पुन्हा गेली. आपण खटला ऐकायला जातो असं तिनं स्वतःला सांगितलं. पण ती बघायची ते त्या दोघींना. कोर्टाबाहेरच्या बाभळीखाली जैनब फडक्यातली भाकरी सोडायची आणि अर्धी मोडून नागूबाईला द्यायची. नागूबाईच्या ठेच्याला जैनब नावं ठेवायची आणि तोच बोटानं चाटायची. एकदा नागूबाईच्या डोळ्यात कचरा गेला तर जैनबनं तिचं तोंड दोन्ही हातांत धरून फुंकर घातली. इंदू समोरच्या झेरॉक्सच्या दुकानाआड उभी होती. तिला आपल्याच डोळ्यात खुपल्यासारखं झालं. मी तुझ्या पोरीला लिहायला शिकवलं, ती मनात म्हणाली. तू माझ्या तळहाताला चावलीस, तो व्रण अजून आहे. हिनं काय केलं? लिंबाखाली बसून पाहिलं, आणि पाहिलं ते सांगितलं. एवढ्यानं माणूस जवळ येतं? आणि लगेच आतून उत्तर यायचं: एवढ्यानंच येतं. एवढंच तर तिनं मागितलं होतं तुझ्याकडं.

नागूबाईची उलटतपासणी झाली त्या दिवशी इंदू आत, मागच्या बाकावर बसली. पिंजऱ्यात नागूबाई फारच लहान दिसत होती. नव्या बांगड्यांचे हात तिनं कठड्यावर ठेवले होते. आरोपीचा वकील नांदेडचा, आवाज मऊ. त्यानं तिला आधी तिचं वय विचारलं, ते तिला सांगता आलं नाही. मग नजर विचारली. मग दळण कुणाचं होतं, किती होतं, डबा कुठं ठेवला. नागूबाईनं सगळं सांगितलं. मग तो म्हणाला, "किशनरावांनी हात वर केला असं तू म्हणतेस. थांबा म्हणायला माणूस हात असाच वर करतो की नाही?"

"करतो की."

"म्हणजे ते लोकांना थांबवत होते."

"ते मला कसं कळावं साहेब? हात वर केला, अन् बाजूला सरकले. मंग लोक तुटून पडले."

"तोंडानं काय म्हणाले?"

नागूबाईनं मनगटावरच्या बांगड्या मागं सारल्या.  इंदूला वाटलं, सांग. काहीही सांग. 'मारा' म्हणाले असं सांग, कोण तुझ्या कानात बघायला आलंय?

"मी लांब व्हते," नागूबाई म्हणाली. "कालवा लई व्हता. ऐकू न्हाई आलं."

वकिलानं वळून न्यायाधीशांकडं पाहिलं आणि किंचित हसला. पुढं त्यानं अर्धा तास तिला कुणी काय दिलं, कुणी पढवलं, बांगड्या कुणी भरल्या, हेही विचारलं. पण खटल्यातला प्राण तेव्हाच गेला होता. गावचा प्रतिष्ठित माणूस जमावाला आवरायला धावला, जमावानं ऐकलं नाही. गोष्ट किती नीट बसत होती! किशनराव आरोपींच्या बाकावर मांडीवर हात ठेवून बसले होते, देवळात कीर्तनाला बसावं तसे. इंदूला त्यांचा राग आला असं म्हणता येणार नाही. तिला राग आला तो नागूबाईचा. एवढ्या खरेपणाचा. एक शब्द जोडला असता तर ती जिंकली असती, पण ती जोडेना. आणि जैनब खाली बसल्या जागेवरून तिच्याकडं अशी पाहत होती की जणू न ऐकलेला शब्द न सांगून नागूबाईनं तिला आणखीच विकत घेतलं. ही नजर इंदूला कधी मिळाली नव्हती. सहा वर्षांच्या मैत्रीतही नाही. आणि तो शब्द तर इंदूकडंच होता. अख्ख्या खैरगावात एकटीकडं. खिडकीची फट किशनरावांच्या डोक्यावर बरोबर सात-आठ हातांवर होती. तिला पहिल्यांदा स्वच्छ दिसलं की नागूबाईकडं जे नाही ते आपल्याकडं आहे, आणि त्या विचारानं तिला जे वाटलं ते चांगल्या माणसाला वाटावं असं मुळीच नव्हतं. पैजेत पुढं जायची संधी मिळावी तसं वाटलं.

दोन दिवस ती तो शब्द तोंडात घेऊन हिंडली. फळ्यावर बेरजा लिहिताना, टँकरच्या रांगेत घागर पुढं सरकवताना. तिसऱ्या दिवशी सकाळी उद्धव चहा पीत होता तेव्हा ती म्हणाली, "मी सिद्रामप्पा वकिलांकडं जाऊन येते."

सिद्रामप्पा म्हणजे खटल्यातले सरकारी वकील, हे उद्धवला ठाऊक होतं. त्यानं बशी खाली ठेवली. "कशाला?"

"मी पाहिलं होतं. ऐकलंही होतं."

"तू जबाब दिलाय, इंदू. सही आहे तुझी."

"खोटा दिला."

"तू काय बोलतेयस कळतंय का तुला?" तो आवाज चढवत नव्हता, त्याला कधी चढवताच यायचा नाही. "तुझी शाळा त्यांची. माझी बदली... आणि तीन वर्षांनी? खलील आता परत येणार आहे का?"

"नाही."

"मग कुणासाठी?"

तिच्या ओठांवर जैनबचं नाव आलं, पण तेही पुरतं खरं नव्हतं. ती म्हणाली, "मला राहवत नाही," आणि चपला घालून निघाली. जिन्यात तिला वाटलं, तो मागून येईल, हाताला धरेल. तो आला नाही. कप विसळल्याचा आवाज आला.

सिद्रामप्पा साठीचे, कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, निवांत माणूस. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि चष्मा काढून पुसत बसले. "बाई, कोर्ट तुम्हाला बोलावू शकतं," ते म्हणाले, "मी अर्ज देतो. पण तुमचा पोलिसांपुढचा जबाब उलटा आहे. ते तुम्हाला उभं सोलतील. आज का आलात, हे तर विचारतीलच. त्याचं उत्तर आहे ना तुमच्याजवळ?" इंदू हो म्हणाली.

पिंजऱ्यात उभं राहिल्यावर तिला आश्चर्य वाटलं ते एवढंच, की सगळं किती सोपं होतं. इंदुमती उद्धव औसेकर, धंदा नोकरी. खरं सांगेन. खिडकी, फट, खाली किशनराव. पांढरं धोतर, काखेत छत्री. खलील दारातून बाहेर आला, दोन्ही हात वर, पापण्यांवर पीठ. तो किशनरावांना म्हणाला, "मालक, तुमचं दळण आत हाय. तेवढं घेऊन जावा." आणि किशनरावांनी हात वर केला, गर्दी थांबली, खरोखरच थांबली. मग ते एक पाऊल बाजूला झाले आणि म्हणाले, "घ्या."

"काय म्हणाले?" न्यायाधीशांनी लिहिता लिहिता विचारलं.

"घ्या."

तीन वर्षं तिनं हा शब्द गिळून ठेवला होता. बाहेर पडल्यावर तो अगदीच लहान वाटला. दुकानदार मूठभर शेंगदाणे पुढं करतो तेव्हा म्हणतो तसा. कोर्टात कुणीतरी खोकलं. जैनब बाकावर नागूबाईशेजारी बसली होती; तिनं डोळे मिटले होते. मग नांदेडचा तो मऊ आवाज उठला आणि त्यानं तिला खरंच सोललं. जबाबावरची सही तुमची? धूर होता हे खोटं? म्हणजे तुम्ही खोटं बोलता? नोकरी कुणाच्या संस्थेत? बदली कुणामुळं झाली? तिनं एकेक उत्तर दिलं. भीती होती. हो, नोकरीची. हो, फायदा घेतला. प्रत्येक 'हो'बरोबर तिच्या अंगावरचं एक कापड उतरत होतं आणि तिला त्याचं काही वाटत नव्हतं. शेवटी तो म्हणाला, "तीन वर्षं गप्प बसलेली बाई आज अचानक खरं बोलायला का आली?"

उत्तर तिच्याजवळ होतं. बांगड्या. मोडलेली भाकरी. डोळ्यात घातलेली फुंकर. ही बाई माझ्या जागेवर बसली आहे, साहेब. ती शपथेवर होती. आणि ती म्हणाली, "ही गरीब बाई एकटी खरं सांगत होती आणि तुम्ही तिला खोटं पाडत होता. ते मला बघवलं नाही."

त्या दिवशीच्या तिच्या साक्षीत खोटं असं हे एकच वाक्य होतं. दुसऱ्या दिवशी लातूरच्या एका वर्तमानपत्रानं तेच चौकटीत छापलं.

निकाल दीड महिन्यानं लागला. किशनराव आणि चौघांना जन्मठेप, बाकीचे सात सुटले. वर अपील होणारच होतं. तोवर इंदूला शाळेकडून पुढच्या वर्षी गरज नसल्याचं पत्र आलं होतं, आणि उद्धव तिच्याशी कामापुरतं बोलत होता. पण निकालाच्या दिवशी सकाळी त्यानं तिची छत्री काढून दाराशी ठेवली होती, ऊन फार आहे म्हणून. निकाल ऐकून ती बाहेर पडली. त्या दोघी पुढं चालल्या होत्या, स्टँडच्या दिशेनं. इंदू मागून चालत राहिली. हाक मारायची नाही असं ठरवलं होतं आणि परत फिरताही येईना. अहमदपूरमार्गे नांदेडला जाणारी गाडी लागलेली होती. जैनब आत चढून बसली, आणि नागूबाई मात्र पिशवी खाली ठेवून उलटी वळली आणि सरळ इंदूकडं आली.

"बाई," ती म्हणाली, "मघाधरनं बघत व्हते, तुमी माघं हायसा. म्हनलं, बोलावं. ते पेपरातलं केरबाला एकानं वाचून दाखवलं. रडला मानूस." तिनं पदरानं तोंड पुसलं. "माझ्यासाठी कोन उभं ऱ्हातंय, बाई? तुमी ऱ्हायला."

 हो म्हणून सोडून द्यायचं, एवढंच होतं. गाडी सुटायला पाच मिनिटं होती. "नागूबाई," ती म्हणाली, "मी तुमच्यासाठी नव्हते आले. मला तुमचा हेवा वाटत होता."

"माझा?"

"जैनब तुमच्याशी जशी... मला ते सोसत नव्हतं. म्हणून आले. ते पेपरातलं खोटं आहे."

नागूबाईनं तिच्याकडं असं पाहिलं, की बाईंना ऊन लागलं की काय. मग ती हसली नाही, रागावलीही नाही. "मला तीन सालं झाली, खैरगावात कुनी खुरपायला बोलवत न्हाई," ती सावकाश म्हणाली. "परसाकडं जायचं तर सुनेला संगं घेऊन जाते. तारखेच्या आदल्या दिशी पोटात भाकर ठरत न्हाई. ती जैनब हात धरते, तवा मी पिंजऱ्यात चढते. तिला बी ठावं हाय, म्हनून धरते. तुमाला ह्याचा हेवा वाटला व्हय, बाई?"

 तीन महिने इंदू त्या हातांकडं बघत आली होती आणि ते थरथरत होते हे तिनं एकदाही पाहिलं नव्हतं. कंडक्टर दारात येऊन उभा राहिला. नागूबाई पिशवीकडं वळली, तेव्हा इंदूनंच ती पिशवी उचलली, आणि दोघी गाडीपर्यंत आल्या. नागूबाई चढली. खिडकीत जैनब होती. इंदूनं पिशवी वर केली, जैनबनं ती आत ओढून घेतली आणि मांडीवर ठेवली. वाटलं, आता ती काच सरकवेल. तिनं सरकवली नाही. इतक्या जवळून इंदूनं तिला तीन वर्षांनी पाहिलं. कानशिलावरचे केस पांढरे झाले होते.

"वो 'घ्या' बोले," जैनब म्हणाली, तिच्याकडं न बघता, पिशवीच्या बंदाशी चाळा करत. "वो उनोने सुने क्या? खलीलने?"

हे कोर्टात कुणी विचारलं नव्हतं. न वकिलांनी, न न्यायाधीशांनी. आणि याचं उत्तर इंदूनं कुणालाही दिलं नव्हतं, उद्धवलाही नाही. खलीलचं एवढं शेवटचं काहीतरी आपल्या एकटीजवळ आहे, जैनबजवळसुद्धा नाही, या जाणिवेला ती तीन वर्षं आतून चिकटून होती. इंजिन सुरू झालं. गाडीचा पत्रा हातांखाली हादरायला लागला.

"ऐकलं," इंदू म्हणाली. "ऐकलं आणि एकदाच वर पाहिलं. माझ्या खिडकीकडं. तुम्ही दोघी वर आहात हे त्याला ठाऊक होतं ना. आणि लगेच मान खाली घातली, जैनब. कुणाची नजर त्याच्या मागोमाग वर येऊ नये म्हणून. मग त्यानं मान वर केलीच नाही."

जैनबनं आता तिच्याकडं पाहिलं. तिचा हात पिशवीवरून सुटला आणि खिडकीच्या दांडीला घट्ट धरून राहिला.  गाडी हलली तशी इंदू दोन पावलं तिच्याबरोबर चालली, मग थांबली.